सामानावरची जाळी

शाळाशाळांतून विज्ञानाचे प्रयोग दाखवत हिंडणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडे एक जुनी जीप आहे. पुढे चालक आणि एकजण, मधल्या सीटवर तिघे आणि त्यांच्या पाठीमागे सामान: लाकडी पेट्या, काचेची भांडी, लोखंडी स्टँड, बादल्या, गुंडाळलेले तक्ते. काही वर्षांपूर्वी राजूरहून घाटघरच्या बाजूला जाताना वळणावर एक म्हैस आडवी आली. चालकाने करकचून ब्रेक मारला. म्हैस वाचली, जीपही रस्त्यावरच राहिली. पण ढिगावर ठेवलेला लोखंडी स्टँड सीटच्या पाठीवरून पुढे आला आणि आमच्या एका सहकाऱ्याच्या कानामागे लागला. पाच टाके पडले. दोन बोटे इकडेतिकडे झाले असते तर काय झाले असते, यावर त्या दिवशी कोणी बोलले नाही.

गंमत म्हणा किंवा नामुष्की म्हणा, त्या दिवशी आम्ही शाळेत जडत्वाचाच प्रयोग दाखवणार होतो. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणे, पुठ्ठ्याला टिचकी.

त्यानंतर आम्ही सामानासाठी जाळी शिवायला घेतली. पहिली फसली, दुसरी टिकली. या दोन्ही जाळ्यांनी आम्हाला बलांविषयी, धाग्यांविषयी आणि साध्या शिवणीविषयी जे शिकवले ते इथे मांडत आहोत. जीप नसली तरी काही बिघडत नाही. सहलीची बस, टेंपो, स्कूटरचा कॅरिअर, सगळीकडे हिशेब तोच आहे आणि त्यातले बरेचसे प्रयोग वर्गात करता येतात.

स्टँडला कोणी ढकलले?

हा प्रसंग मुलांना सांगितला की पहिले उत्तर ठरलेले असते: "ब्रेक मारल्यामुळे स्टँड पुढे फेकला गेला." पण फेकला कोणी? त्या क्षणी स्टँडला पुढच्या दिशेने ढकलणारे काहीच नव्हते. जीप ताशी ४० किलोमीटरने जात होती, स्टँडही तेवढ्याच वेगाने जात होता. ब्रेकने चाके अडवली, चाकांनी जीप अडवली. स्टँडला कोणी अडवले नाही. तो आपल्या वेगाने जात राहिला आणि वेग कमी झालेली जीप त्याच्या मागे पडली. म्हणजे सामान 'बांधायचे' याचा खरा अर्थ असा, की जीपचा वेग कमी होईल तसतसा सामानाचाही वेग कमी करणारे काहीतरी हवे. ते बल देणे हे जाळीचे काम.

ताशी ४० किलोमीटर हा वेग आपल्याला किरकोळ वाटतो. तो सेकंदाला सुमारे ११ मीटर होतो. एखादी वस्तू वरून सोडली तर एवढा वेग यायला तिला सुमारे ६.३ मीटर खाली यावे लागते. म्हणजे गाडी ४० च्या वेगात एखाद्या दगडी कठड्यावर आदळून जागच्या जागी थांबली, तर मागची सुटी पेटी पुढच्या माणसावर जवळजवळ दुसऱ्या मजल्यावरून टाकल्यासारखी येईल. ताशी ६० ला हीच उंची १४ मीटर होते. वेग दीडपट झाला तर उंची सव्वादोनपट, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हे गणित नववीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. मुले उत्तर पाहून एकदा तरी आपल्या एसटीच्या वरच्या फळीकडे बघतात.

आता बल. इथून पुढे बलाचे आकडे आम्ही 'किलो'त देणार आहोत, म्हणजे तेवढ्या वस्तुमानाच्या वजनाइतके बल. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी माफ करावे; बाजारात पट्टी आणि दोरा किलोतच बोलतात. न्यूटन हवे असतील त्यांनी ढोबळ मानाने १० ने गुणावे.

जोरात ब्रेक मारल्यावर चांगल्या रस्त्यावर गाडीची मंदी गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पटीपर्यंत जाते. युरोपात मालवाहू गाड्यांवर सामान बांधण्याचे जे मानक आहे त्यात हाच आकडा धरलेला आहे: पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट बल रोखता आले पाहिजे, बाजूंना आणि मागे ०.५ पट. आमचे सगळे सामान मिळून ६० किलो. म्हणजे ब्रेकच्या वेळी ४८ किलोचे बल रोखायचे. हे काही फार नाही.

धडक ही मात्र वेगळीच गोष्ट. ४० च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर मंदी गुरुत्वत्वरणाच्या साडेबारा पट येते. २० किलोची एकच पेटी अडवायला २५० किलो बल लागते. विमानांच्या नियमांत माणसांच्या मागे सामान असेल तर पुढच्या दिशेने ९ पट बलाला टिकेल अशी बांधणी मागतात, ती याच कारणासाठी. घरी शिवलेली जाळी धडकेत माणसे वाचवील असा दावा आम्ही करणार नाही. ती ब्रेकसाठी, खड्ड्यांसाठी आणि वळणांसाठी आहे. म्हणूनच जड पेट्या आम्ही आता जाळीच्या भरवशावर वर ठेवत नाही. त्या खाली, फळीवर, सीटच्या पाठीला चिकटून असतात आणि हलके सामान वर असते. पूर्वी आम्ही नेमके उलटे करत होतो, कारण स्टँड आधी काढायला लागतो.

ट्यूबचा तुकडा

जाळी शिवण्याआधी फुकटात होणारे एक काम सांगतो. पेटीचा तळ लाकडी, गाडीचा तळ पत्र्याचा. घर्षणांक ०.३ धरू. २० किलोच्या पेटीला ब्रेकच्या वेळी १६ किलो बल हवे. त्यातले ०.३ × २० म्हणजे ६ किलो घर्षणच देते. उरले १० किलो. हे १० किलोही केवळ पेटी वरून दाबून, म्हणजे घर्षण वाढवून मिळवायचे ठरवले, तर १० भागिले ०.३, म्हणजे ३३ किलोने पेटी खाली दाबून ठेवावी लागेल.

आता पेटीखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पसरा. रबराचा घर्षणांक ०.६ धरला, तर घर्षण १२ किलो देते. उरले ४. त्यासाठी लागणारा दाब ४ भागिले ०.६, म्हणजे ७ किलोही नाही. घर्षणांक दुप्पट झाला आणि पट्ट्यांवरचे काम जवळजवळ पाचपटीने कमी झाले. आम्हाला स्वतःला हा आकडा दोनदा तपासून पाहावा लागला.

मात्र यात एक मेख आहे. खराब रस्त्यावर जीप खड्ड्यात जाते तेव्हा तिचा तळ पेटीच्या खालून निसटल्यासारखा खाली जातो. त्या क्षणी पेटी तळावर टेकलेलीच नसते. मग घर्षण कुठले? म्हणून डांबरी रस्त्यावर नुसत्या वजनाने जागेवर राहणारे सामान कच्च्या रस्त्यावर नाचत नाचत पुढे सरकते. जाळीने सामान खाली दाबून धरायचे ते मुख्यतः यासाठी.

दोर सरळ का होत नाही?

बैलगाडीत कडबा भरून त्यावर नाडा आवळणाऱ्या माणसाला जे हाताने कळते, ते वर्गात दोन ताणकाट्यांनी दाखवता येते. दोन काटे, एक दोरी, दोरीच्या मधोमध १ किलोचे वजन. दोन मुलांनी काटे हातात धरावेत. हात जवळ आणले की प्रत्येक काटा अर्धा किलो दाखवतो. आता दोघांनी हळूहळू लांब जायचे. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा प्रत्येक काट्यावर पूर्ण १ किलो. १० अंशांना जवळजवळ ३ किलो. ५ अंशांना पावणेसहा. मुलांना आव्हान द्या: दोरी अगदी सरळ करून दाखवा. ती कधीच होत नाही. वर्गातली दोन सर्वांत दांडगी मुले दोराची टोके धरून ओढू लागली, आणि वर्गातल्या सर्वांत किरकोळ मुलीने मधोमध एका हाताने दोर दाबला, तर दोघेही पुढे खेचले जातात. आम्ही हा प्रयोग अनेक शाळांत केला आहे आणि तो कधी फसलेला नाही. ती मुलगी पुढे दिवसभर ऐटीत असते.

कारण असे, की मधल्या बलाला तोंड देतो तो ताणाचा फक्त उभा भाग. दोर जितका सपाट, तितका हा भाग लहान, आणि तो पुरा पडण्यासाठी एकूण ताण तितकाच मोठा व्हावा लागतो. सूत्रात लिहायचे तर प्रत्येक बाजूचा ताण = बल ÷ (२ × कोनाची ज्या).

जाळीसाठी याचा अर्थ सरळ आहे. समजा, दोन कड्यांमधले अंतर १ मीटर आहे आणि त्यांच्यामध्ये पट्टी सतारीच्या तारेसारखी ताणून बसवली आहे. पेटी मधोमध तिच्यावर आदळली आणि पट्टी ५ सेंटिमीटरच वाकली, तर पट्टीतला ताण पेटीच्या बलाच्या ५ पट असतो. १५ सेंटिमीटर वाकली तर पावणेदोन पट. म्हणजे पट्टी सैल हवी का? तेही नाही. सैल पट्टीत सामान आधी मोकळे धावते, वेगातला फरक साठवते आणि मग हिसका देते. योग्य उत्तर वेगळेच आहे: पट्टी सामानाला टेकलेली असावी, सैल अजिबात नको, पण ती सामानाच्या कडेवरून कडीकडे जाताना चांगल्या तिरक्या उतारानेच जावी. कड्या सामानाच्या माथ्याच्या पातळीवर नकोत, तळाशी हव्यात. आणि पुढे सरकणारे सामान रोखायचे, तर निदान दोन कड्या सामानाच्या मागच्या बाजूला हव्यात, म्हणजे पट्टी बलाच्या रेषेच्या जवळपास ओढली जाईल.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांची जाळी करावी असाही एक विचार आमच्यात होता. स्कूटरच्या कॅरिअरवर वर्तमानपत्रे बांधायला ट्यूब उत्तम. जड सामानाला नाही. रबर आधी सामानाला जाऊ देते आणि मग साठवलेल्या ऊर्जेने परत फेकते. ताणलेल्या रबराचा आकडा निसटून डोळ्याला लागण्याचा धोका वेगळाच.

कोणती पट्टी?

खाटेची सुती नवार सगळ्यांनी पाहिलेली असते. बाजारात बॅगांसाठी मिळते ती कृत्रिम धाग्याची नवारच. दुकानदार तिला सरसकट 'नायलॉनची पट्टी' म्हणतात. प्रत्यक्षात ती नायलॉनची, पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असू शकते, आणि या तिघींच्या स्वभावात बराच फरक आहे. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी ते वापरले गेले. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी काढला. आपल्याकडचे टेरिलीन ते हेच. नायलॉन जास्त ताणले जाते, पाणी शोषते, ओले झाल्यावर थोडे लांबते आणि थोडे दुबळे होते. पॉलिएस्टर कमी ताणले जाते, पाणी जवळजवळ घेत नाही आणि उन्हातही जास्त टिकते. पॉलिप्रॉपिलीन हलके आणि स्वस्त, पण ऊन लागले की लवकर पिठूळ होते. पावसाळ्यात फिरणाऱ्या जीपसाठी आम्ही पॉलिएस्टर निवडले. मोटारीतल्या सीटबेल्टची पट्टीही पॉलिएस्टरचीच असते. साधारण पावणेपाच सेंटिमीटर रुंदीच्या त्या पट्टीने निदान दीड हजार किलोपर्यंत तुटू नये अशी अपेक्षा असते.

दुकानातली पट्टी कोणती हे ओळखायचा एक सुंदर प्रयोग आहे. घनतांवर आधारलेला असल्यामुळे तो अभ्यासक्रमातही बसतो. पट्टीचे धागे उसवून त्यांचे सेंटिमीटरभर तुकडे करावेत. एका पेल्यात साधे पाणी घ्यावे. दुसऱ्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घालून संपृक्त द्रावण करावे. २०० मिलिलिटरला ७० ग्रॅमच्या आसपास मीठ लागते. त्याची घनता सुमारे १.२ होते. दोन्ही पेल्यांत साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब टाकावा आणि धागे पाण्याखाली बोटांनी चोळून त्यांतले हवेचे बुडबुडे काढावेत. नाहीतर सगळेच तरंगते आणि प्रयोग फुकट जातो. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, ते साध्या पाण्यातही तरंगते. नायलॉनची १.१४, ते साध्या पाण्यात बुडते पण मिठाच्या पाण्यात वर येते. पॉलिएस्टरची १.३८, ते दोन्हींत बुडते. सूतही दोन्हींत बुडते, पण सूत कोणते ते हाताला कळतेच. 'नायलॉन' म्हणून आणलेला धागा साध्या पाण्यावर तरंगताना पाहून आमचा दुकानदारही चकित झाला. तो फसवत नव्हता. त्यालाही कोणी सांगितले नव्हते.

चौकोनांचे गणित

जाळी १२० × ९० सेंटिमीटर ठरवली. चौकोन केवढे? सामानातली सर्वांत लहान वस्तू निसटू नये एवढे. आम्ही १५ सेंटिमीटर धरले. इथे खांब आणि अंतरे यांची जुनी चूक दबा धरून बसलेली असते. ९० सेंटिमीटरमध्ये १५ ची अंतरे ६, पण पट्ट्या ७. १२० मध्ये अंतरे ८, पट्ट्या ९. लांबीच्या ७ पट्ट्यांना ८.४ मीटर, रुंदीच्या ९ पट्ट्यांना ८.१ मीटर, एकूण साडेसोळा मीटर. त्यात टोके दुमडायला लागणारी पट्टी वेगळी. आणि छेदबिंदू ७ × ९ म्हणजे ६३. प्रत्येक छेदावर चौकोनी शिवण. दोन जणांचे दोन दिवस गेले. चौकोन ३० सेंटिमीटरचे केले असते तर ९.३ मीटर पट्टी आणि २० च छेद लागले असते. लहान सामान आधी पोत्यात भरून मोठ्या चौकोनांची जाळी वापरणे हा शहाणपणाचा मार्ग होता, हे ४०व्या छेदाच्या सुमारास लक्षात आले.

पट्ट्या सरळ चौकटीत घालाव्यात की तिरक्या? याचे उत्तर रुमालाला विचारावे. रुमाल धाग्यांच्या दिशेने ओढला तर जवळजवळ ताणला जात नाही. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरका ओढला की लगेच लांबतो आणि अरुंद होतो, कारण धागे लांबत नाहीत, चौकोन कलून समांतरभुज होतात. कोळ्यांच्या जाळ्यात हा गुण हवा असतो. माशांच्या भाराने जाळे आवळले जाते. आपल्याला तो नको. म्हणून काही पट्ट्या गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे ब्रेकच्या बलाच्या दिशेने हव्यात.

आणि गाठी का मारायच्या नाहीत? गाठीत दोर एकदम वळतो. बाहेरचे धागे ताणले जातात, आतले सैल पडतात, सगळा भार मूठभर धाग्यांवर येतो. साध्या गाठीने दोराची ताकद ढोबळ मानाने निम्मी होते. शिवणीत पट्टी सरळ राहते.

दोऱ्याची गोष्ट

आता पहिल्या जाळीची फजिती. आम्ही ती घरच्या पायमशीनवर, घरात होत्या त्याच सुती रिळांनी शिवली. दिसायला उत्तम झाली. पावसाळा संपल्यावर धुवायला काढली आणि एका कडीचे टोक सहज ओढले, तर शिवण टर्रकन उसवली. पट्टीला काहीही झालेले नव्हते. ताडपत्री शिवणाऱ्या एका कारागिराकडे ती घेऊन गेलो. त्यांनी शिवणीवरून नुसते नख फिरवले.

"सर, दोरा कुठला लावलात?"

"साधाच. घरात होता तो."

"मग पट्टीला कशाला बोल लावता? सुताचा दोरा असा पाऊस-उन्हात नाही तगत. पट्टी राहील दहा वर्षं, शिवण राहणार नाही एकपण."

दोष नेमका कुठे होता ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. छेदावरच्या शिवणींवर फार भार नसतो. त्या पट्ट्यांना जागेवर धरतात, भार पट्टीतूनच सरळ पुढे जातो. खरी जोखीम टोकांना असते, जिथे पट्टी कडीतून ओवून मागे दुमडून शिवलेली असते. तिथे सगळे काही टाक्यांवर आहे.

टाक्यांवर म्हणजे किती? इथे एक सोय आपोआप होते. कडीभोवती पट्टीचे दोन पदर आहेत: एक मूळ, एक दुमडलेला. कडीवरचे बल दोघांत निम्मे निम्मे वाटले जाते. दुमडलेला पदर आपला अर्धा वाटा शिवणीमार्फत मूळ पट्टीला देतो. म्हणजे शिवणीवर येते ते निम्मेच बल. खात्री हवी असेल तर गुळगुळीत दांडीवरून दोरी टाकून दोन्ही टोकांना काटे लावावेत आणि दांडी ओढावी. प्रत्येक काटा निम्मे दाखवतो.

दुमड ८ सेंटिमीटरची, पट्टी अडीच सेंटिमीटर रुंद. कडेने चौकट आणि आत फुली अशी शिवण घातली तर तिची लांबी सुमारे ३६ सेंटिमीटर होते. ३ मिलिमीटरचा टाका धरला तर १२० टाके. घरगुती दोरा किलो-सव्वाकिलोला तुटतो. हे काट्याला बांधून पाहता येते. एका टाक्याला १ किलो धरले तर १२० किलो. पण सगळ्या टाक्यांवर भार सारखा येत नाही, दोन टोकांचे टाके जास्त सोसतात. म्हणून निम्मे, ६० किलोच धरू. शिवणीवर निम्मेच बल येते, म्हणून पट्टी १२० किलोपर्यंत टिकायला हवी. आता मागणी पाहा. ब्रेकचे ४८ किलो. सगळ्या पट्ट्या सारख्या ताणलेल्या कधीच नसतात. जी सर्वांत आवळ ती आधी सोसते. म्हणून एकीवरच सगळे आले असे धरू, आणि कोनामुळे दुप्पट. झाले ९६. म्हणजे नवी कोरी असतानाही आमची जाळी कशीबशी पास होत होती. त्यात दोरा पावसाने कुजला. ती उसवली ती घरी, धुताना, हे आमचे नशीब.

दुसऱ्या जाळीला ताडपत्रीवाल्यांनी दिलेला जाड पॉलिएस्टर दोरा वापरला. तो ५ किलोला तुटतो. त्याच हिशेबाने पट्टी ६०० किलोपर्यंत टिकते. अडीच सेंटिमीटरची जाड पॉलिएस्टर पट्टी हजार किलोच्या आसपास टिकते. पण पातळ पट्टी बरीच कमी असू शकते, म्हणून घेताना आकडा विचारावा.

मग आणखी दाट टाके घालून शिवण हजारावर का नेऊ नये? कारण प्रत्येक टाका म्हणजे पट्टीला एक छिद्र. टपालतिकिटे फाडायला जी छिद्रांची ओळ असते तशी ओळ पट्टीच्या रुंदीभर आडवी घातली तर आपणच फाडायची जागा आखून दिली. म्हणून बहुतेक शिवण पट्टीच्या लांबीच्या दिशेने असावी, आडवी कमीत कमी.

शिवताना आलेल्या काही गोष्टी. पट्टी कापल्यावर टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून वितळवावे, म्हणजे उसवत नाही. हे मोकळ्या हवेत आणि मोठ्यांनी करावे, वितळलेला थेंब हाताला चिकटून भाजतो. फळीवर खडूने चौकोन आखून, पट्ट्या एकाआड एक वरखाली ओवून, सगळे छेद आधी हाताने टाचून घ्यावेत. मशीनला १८ नंबरची सुई लावावी. दोन पदर पायमशीन घेते. टोकांच्या दुमडीत तीन-चार पदर आले की सुई मोडते, तिथे चाक हाताने फिरवावे किंवा सरळ ताडपत्रीवाल्यांकडे जावे. आम्ही दोन सुया मोडल्यावर गेलो. मशीनच्या हाताखाली जागा थोडी असते, म्हणून जाळीच्या उजव्या कडेपासून सुरुवात करून निम्म्यापर्यंत यावे, मग जाळी फिरवून दुसरी बाजू घ्यावी. अर्ध्याहून जास्त जाळी कधीच मशीनखाली कोंबावी लागत नाही.

कड्या कुठे अडकवायच्या हा प्रश्न अनेकजण शेवटी घेतात, आम्हीही तेच केले. हुडाच्या पातळ नळीला किंवा प्लॅस्टिकच्या कडेला नाही. तळाच्या पत्र्याला ८ मिलिमीटरच्या बोल्टने डी आकाराच्या कड्या बसवल्या. असा पोलादी बोल्ट तुटायला हजार किलोहून जास्त बल लागते. पण मिलिमीटरभर जाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी आधी फाटतो. म्हणून पत्र्याखाली मोठा जाड वॉशर घातला, म्हणजे तेच बल मोठ्या क्षेत्रफळावर पसरते. छिद्र पाडण्याआधी गाडीखाली शिरून पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते पाहावे. पेटीच्या लोखंडी कडांवर पट्टी घासते तिथे बागेच्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा बसवला.

जाळीच्या कोपऱ्यावर आम्ही शिवल्याचा महिना आणि साल रंगाने लिहिले आहे. दर वर्षी जूनआधी आणि दिवाळीच्या सुमारास ती उन्हात पसरून प्रत्येक टोक दोन हातांनी ओढून पाहतो. एक टोक यंदा पाइप सरकल्यामुळे घासले गेलेले आढळले. तेवढे कापून ताडपत्रीवाल्यांकडून नवे बसवून घेतले. लोखंडी स्टँड आता सीटखाली आडवा असतो, त्याला वेगळी पट्टी आहे, आणि ती बांधल्याशिवाय मधल्या सीटवर बसायला आमचे ते सहकारी तयार होत नाहीत.